फक्कीचा पूल

ऑफिसात त्याला सगळे पूरसाहेब म्हणत. होता पुलांचा इंजिनिअर, पण कुणाला निवांत चहा पिऊ देईल तर शपथ. कप टेबलाच्या कडेला दिसला की हा विचारणार, "आणि पूर आला तर?" घरात त्याने फ्रिज लाकडी चौथऱ्यावर चढवला होता. राहायला तिसऱ्या मजल्यावर! बायकोने कपाळावर हात मारला आणि भाजी काढायला स्टूल आणलं.

तसं त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. नदीवरचा बुटका, रस्त्याच्या पातळीचा पादचारी पूल मागच्या पुरात वाहून गेला होता. पलीकडच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. गुडघे कुरकुरायचे, तरी पूल होता तोवर ती काठी टेकत दर आठवड्याला भावाकडे यायची, लिफ्टने वर चढायची, भाच्यांना दटावायची, जेवून जायची. आता वळसा घालून दोन बस बदलाव्या लागत, आणि बसची पायरी तिला चढवत नसे. "ताई, तुला तुझ्या पायांनी माझ्या दारात आणतो," असा शब्द त्याने फोनवर दिला होता. नवा पूल त्याच्याच टेबलावर आला होता.

त्याने जीव ओतला. आजवरचा सगळ्यात मोठा पूर धरला, त्यावर स्वतःच्या भीतीचं थोडं पाणी चढवलं आणि पूल त्याच्याही वर नेला. दिवे उन्हावर चालणारे, कठडे न गंजणारे, जुन्या पुलाचे दगड पुन्हा वापरलेले. मोठे साहेब म्हणाले, "प्रलय आला तरी हा हलायचा नाही."

लोकांचं मत तेवढं राहिलं होतं. नकाशे लोकांना कळत नाहीत, म्हणून त्या ऑफिसची एक पद्धत होती: मैदानावर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचा पूल आखायचा आणि लोकांना त्यावरून चालवायचं. पलीकडच्या वस्तीतल्या मैदानावर पांढऱ्या रेघा पडल्या. हातगाडीवाला गाडी ढकलत गेला आणि आला. एक बाई बाळाची गाडी घेऊन गेली आणि आली. कुणाची काही तक्रार नाही. सगळ्या खात्याने टाळ्या वाजवल्या.

शेवटी ताई निघाली. काठी टेकत रेघांवरून सरळ पलीकडे पोचली.

"वा रे माझ्या वाघा! एकदासुद्धा दम लागला नाही बघ. पण या एवढ्या आडव्या रेघा कशाला मारल्यास?"

"त्या पायऱ्या आहेत, ताई."

बोलला आणि त्याची चूक त्यालाच उमगली. सपाट मैदानावर चाळीस पायऱ्या चढायला दम कशाला लागतोय? पाणी वर चढू नये म्हणून त्याने रात्रीचा दिवस केला होता, आणि माणूस वर कसा चढणार, हे साफ विसरला होता. शरमेने त्याचे कान तापले.

मोठे साहेब आभार मानायला उभे राहिले, तेवढ्यात तो मध्येच ओरडला, "साहेब, हा पूल बाद! पायऱ्या नकोत, उतार पाहिजे. ताई चढेल, हातगाडी चढेल असा."

"अहो, एवढ्या उंचीला उतार म्हणजे मारुतीचं शेपूट! उतरवणार कुठे?"

"इकडे या मैदानात. आणि तिकडे नदीकाठी आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांची गाडी तिथेच सावलीत उभी असे. पण वस्तीने असा काही टाळ्यांचा कडकडाट केला, की चारचौघांत त्यांना नाही म्हणता येईना.

पूरसाहेब खाल मानेने बहिणीपाशी आला. "ताई, चुकलो गं. सगळं पुन्हा काढायचं म्हणजे अजून वर्ष तरी जाईल. तोवर तुला माझ्याकडे येता यायचं नाही."

ताईने त्याला नीट न्याहाळलं.

"मला येता येत नाही, माझे गुडघे गेलेत म्हणून. पूल पडल्यापासून तू आज पहिल्यांदा दिसतोयस, तोही ऑफिसच्या गाडीतून. तुझं काय गेलंय रे?"

त्याचे डोळे भरून आले. ड्रायव्हर कितीतरी वेळ हॉर्न वाजवत राहिला. तोवर पूरसाहेब ताईच्या घरी पानावर बसला होता.