मामांनी पाणवठ्याचा चार्ज दिला

आफ्रिकेतल्या हत्तींची माझ्या बायकोच्या मामांइतकी काळजी खुद्द आफ्रिकेतही कोणी केली नसेल. वर्तकनगरच्या त्यांच्या घराच्या मागच्या खिडकीतून येऊरचं जंगल दिसायचं, पण मामा त्याच्याकडे पाठ करून बसत. "तिथे काय, चालत गेलं की झालं!" म्हणत. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरच्या काट्यांवर नजर ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही, हा त्यांचा धर्म. एकदा तो माणूस आलाच नाही, तेव्हा मामा स्वतःच्या साखरपुड्याला पाच तास उशिरा, कंपनीच्या गणवेशातच पोचले. मामी ते अजून ऐकवते. नव्वदचं दशक संपता संपता ते रिटायर झाले, मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला आणि मामांना नवी ड्यूटी सापडली. आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला होता. त्याचं चित्र अर्ध्या मिनिटाने बदलायचं, तेही वरून खाली, ओळीओळीने. आधी आभाळ, मग झाड, मग कुणाची तरी पाठ; पाय येईपर्यंत रानम्हैस की गेंडा ते ठरत नसे. इंटरनेट फोनच्याच लाइनवर, त्यामुळे फोन सदा एंगेज. बोलायचं तर लोकांना घरी यावं लागे. "त्याने घरोबा वाढतो," असं मामांचं म्हणणं.

मग मामांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर नको. आणि नेमकं तेव्हाच पाणवठ्यावर हत्तीचं एक पिल्लू दोन दिवस एकटंच दिसत होतं. त्याची आई दिसल्याशिवाय मामा घर सोडायला तयार होईनात. "अहो, निदान चार्ज घ्यायला माणूस तरी द्या!" मामा म्हणाले. मामी रडायला लागली. शेवटी मी म्हणालो, "मामा, मी घेतो." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, "जावईबापू, नजर हलवायची नाही," असं बजावलं आणि मगच मामी आणि माझ्या बायकोबरोबर रिक्षात बसले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मी पाणवठ्यावर. पिल्लू एकटंच. बारा वाजले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी हत्ती बघतोय तोवर हॉस्पिटलातून फोन लागणारच नाही. पिल्लू बघावं तर मामांचं कळेना, मामांसाठी लाइन मोकळी ठेवावी तर पिल्लू दिसेना. मी लाइन तोडली आणि फोनसमोर बसून राहिलो. या माणसावर आपला इतका जीव आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

दीड वाजता फोन वाजला. बायको होती. "अहो, झालं हो सगळं नीट! काळजीचं कारण नाही म्हणालेत. मामा बोलायला लागलेत. विचारतायत, आई आली का?"

"आली म्हणून सांग," मी बेधडक ठोकून दिलं.

मग घाईघाईने लाइन जोडली. आभाळ आलं, झाड आलं, मग एक करडी पाठ, केवढी तरी मोठी, आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. मी एकटाच डोळे पुसत हसत सुटलो.

मामा घरी आल्यावर मला राहवेना. थापेची कबुली देऊन टाकली.

"मला तेव्हाच कळलं होतं, जावईबापू," मामा म्हणाले. "फोन लागला, म्हणजे तुम्ही पाणवठ्यावर नव्हतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता चार्ज सोडल्याबद्दल खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घातली.

"माझ्यासाठी जागा सोडून उठलात," मामा हळूच म्हणाले. "बरं वाटलं हो."