झटक्याच्या तोंडावर

१२ फेब्रुवारी १९९१ रोजी पिंजरेमामांनी माझ्याकडून तीनशे चाळीस रुपये उसने नेले. बायकोला दवाखान्यात विजेचे झटके द्यायचं ठरलं होतं, त्याचे पैसे भरायचे होते.

मामा आमच्या संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे सांभाळत. मी लेखा विभागात. वर्षअखेरीला साठा मोजायला मला त्यांच्या तळघरात जावं लागे, कारण हिशेबात उंदीरही साठाच. मेलेले घसाऱ्यात टाकायचे की नुकसानीत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाऊसाहेब, आधी दोन टिपं तरी गाळा. हिशेब कुठे पळून जातोय?"

तिथला प्रयोग साधा होता. पांढरा उंदीर छोट्या लाकडी ओट्यावर ठेवायचा. तो खाली तारांच्या जाळीवर उतरला की पायांना विजेचा चटका. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर पाय आखडून ओट्यावर बसून राही, उतरायचं नाव घेत नसे. पण चटक्यापाठोपाठ लगेच कानांना चिमटे लावून डोक्यातून मोठा झटका दिला, तर तो दुसऱ्या दिवशी काही घडलंच नसल्यासारखा खुशाल उतरे. हाच झटका काही तासांनी दिला तर मात्र आठवण शाबूत राही. उतरायला किती वेळ लागला, हे मामा घड्याळ लावून मोजत. प्रयोग करणाऱ्या बाई त्यांना बजावत, "मामा, उतरला म्हणजे विसरलाच असं धरू नका. खाली येऊन थरथरतो का, लेंड्या टाकतो का, तेही बघा." मामा मला डोळा मारून म्हणायचे, "एवढं शिकून बाई लेंड्या मोजायला लावतात!"

मामींचं दुखणं दोन वर्षांचं होतं. त्यांची पाच वर्षांची मुलगी गच्चीवरून पडून गेली होती. गच्चीच्या दाराची कडी कुणीतरी उघडी ठेवली होती. "मीच विसरले," एवढंच मामी म्हणत. पुढे तेही बोलेनाशा झाल्या, जेवण सुटलं.

दवाखान्यात मी सोबत होतो. पैसे भरून आलो तर मामी चाकांच्या खाटेवर होत्या आणि मामा त्यांच्या कानाशी वाकून भराभर काही सांगत होते. मामींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. तेवढ्यात परिचारिकेने खाट आत नेली.

"काय सांगत होता?" मी विचारलं.

"धीर देत होतो."

मार्चअखेर मी साठा मोजायला खाली गेलो, तोवर मामी घरी आल्या होत्या. जेवत होत्या, शेजारणीशी बोलत होत्या.

"मग तोंड गोड करायचं सोडून असा सुतकी चेहरा का?" मी म्हणालो.

मामा पिंजऱ्याकडे बघत राहिले. "कडी मी उघडी ठेवली होती, भाऊसाहेब. सिगरेट ओढायला वर गेलो होतो. दोन वर्षं ती स्वतःला खात राहिली आणि मी मूग गिळून. सांगावं तर ती माझं तोंड बघणार नाही. म्हटलं, झटक्याच्या तोंडावर सांगावं. माझं ओझं उतरेल, तिला आठवणार नाही. एवढे उंदीर उतरताना पाहिले होते."

"मग? आठवलं त्यांना?"

"छे. मी दवाखान्यात होतो हेसुद्धा आठवत नाही. अजून म्हणते, कडी माझ्याच हातून राहिली."

"मग झालं तर."

"झालं कसलं? मी खोलीत शिरलो की पलंगावर पाय वर घेते. हात लावला की शहारते. परवा म्हणाली, 'अहो, मला तुमची भीती का वाटते हो? तुम्ही तर काहीच केलं नाहीत.'"

"आता सांगून टाका."

"आता सांगितलं तर लक्षात राहील, भाऊसाहेब."

त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मामी भावाकडे राहायला गेल्या, त्या परतल्या नाहीत. का, ते त्यांनाही सांगता येईना. मामा तळघरात वाकून जाळीखालच्या लेंड्या मोजू लागले. बाईंनी पुरे म्हटलं तरी पुन्हा मोजत.

गेल्या वर्षी मामा नोकरीत असतानाच वारले. फंडाच्या कागदांवर सही करायला मामी माझ्यासमोर बसल्या, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर आखडून.

"देवमाणूस होता हो," त्या म्हणाल्या. "मीच करंटी. कडी विसरले, आणि वर त्यांनाच सोडून गेले."

मग मी सांगितलं. सगळं, खाटेजवळच्या बोलण्यासकट.

"मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "नव्हतं असंही नाही." पाय त्यांनी हळूहळू जमिनीवर टेकवले. सही केली.

"त्यांचं कुणाचं देणं राहिलंय?"

सवयीने मी खरं ते सांगितलं. "दवाखान्यासाठी माझ्याकडून नेले होते, त्यातले चाळीस."

"ते त्यांनीच फेडायचे होते," मामी म्हणाल्या आणि पर्स बंद करून उठल्या.

चाळीस रुपये अजून येणे आहेत.