साडूंची लाल चौकट

कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात डोळ्यांवर आमच्या थोरल्या साडूंइतका कमी भरवसा असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. समोर दिसतंय तेवढं पुरेसं आहे, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलंच नाही. दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे एक वाक्य हवं, आणि ते ऐकून न दिसणाऱ्यालाही ती गोष्ट कळायला हवी, हा त्यांचा धर्म. धंदा वेबसाइटी बनवायचा. राहायला बदलापुरात मांजर्लीला, आणि गिऱ्हाईक बहुतेक उल्हासनगरचं: सोफेवाले, चपलावाले, लग्नपत्रिका छापणारे. पोट या साइटींवर भरायचं, पण जीव अडकलेला असायचा तो स्वतःच्या एका फुकट साइटीत. तिच्यावर ते या धंद्यात नव्याने आलेल्या पोरांसाठी रोज मराठीतून एक टिप आणि जमलं तर चार ओळींचा तयार कोड टाकायचे. मी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला. मला त्या कोडातलं ओ की ठो कळत नसे. तरी रोज सकाळी ती टिप मलाही यायची, आणि वाचली का म्हणून संध्याकाळी फोनही यायचा.

टिपा मात्र झकास असायच्या. फिकट पानावर फिकट अक्षरं लिहिणाऱ्याला त्याच अक्षरांत पगाराची स्लिप द्यावी, असं एकदा त्यांनी लिहिलं होतं. माऊस ड्रॉवरमध्ये टाका, नुसत्या कीबोर्डावर आपली साइट चालवून बघा, आणि मग स्वतःची पाठ थोपटा, असं दुसऱ्या दिवशी. फॉर्म भरताना चूक झाली तर रकाना नुसता लाल करू नका, काय चुकलं ते शब्दांत सांगा, हे तर दर महिन्याला. पण त्यांचा लाडका कोड एकच होता. साइटीवरच्या चित्रामागे त्याचं वर्णन लिहून ठेवायची सोय असते. ते पानावर दिसत नाही, पण ज्याला चित्र दिसत नाही त्याचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो. बनवणारे बहुतेक लोक ते लिहायचा कंटाळा करतात. साडूंचा कोड एका ओळीचा होता. तो टाकला की वर्णन नसलेल्या प्रत्येक चित्राभोवती जाड लाल चौकट उमटायची, आणि वर्णन लिहिल्याशिवाय ती हटायची नाही. त्याबरोबर नियमही ठरलेला: दिसतं तेवढंच लिहा. सुंदर, भव्य, आनंदी असलं काही नको, आणि चित्रात जे नाही ते तर मुळीच नको.

या नियमापायी त्यांनी बरीच गिऱ्हाइकं दुखावली. उल्हासनगरच्या एका सोफेवाल्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. प्रत्येक सोफ्याचं वर्णन लिहायचं म्हटल्यावर शेटजी वैतागले. "साईं, सोफा दिख तो रहा है," ते म्हणाले.

"जिसको नहीं दिखता, उसको?"

"जिसको नहीं दिखता वो सोफा देखने काय को आएगा?"

"बैठने आएगा," साडू म्हणाले.

शेटजींनी चहा मागवला. आठ दिवसांनी साइट सुरू झाली. पहिल्याच फोटोमागे लिहिलेलं होतं: ‘मरून रंगाचा तीन जणांचा सोफा, डावा हात थोडा झिजलेला.’ शेटजींनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडूंचं म्हणणं एकच, झिजलाय तर झिजलाय.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही हाच खाक्या. कुणी गुड मॉर्निंगचं चित्र टाकलं की खाली साडूंचं उत्तर: ‘गुलाबाचं फूल, खाली सुविचार, सुविचारात दोन चुका.’ एका पावसाळ्यात मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं, तेव्हा लोक घाबरून फोटो टाकत होते आणि हे दुसऱ्या मजल्यावरून लिहीत होते: ‘कमरेइतकं पाणी. पाण्यात सेक्रेटरी. सेक्रेटरी हात वर करून सूचना देताहेत.’ त्यांना ग्रुपमधून काढण्याचा ठराव तेव्हाच झाला. नातेवाइकांसाठी त्यांनी फोटोंची एक घरगुती साइट केली होती, तिच्यातूनही कुणी सुटलं नाही. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोमागे आजही आहे: ‘एक जाड गृहस्थ जिलबीकडे बघताहेत. त्यांची पत्नी गृहस्थांकडे बघताहेत.’ ते काढा म्हणून मी हात जोडले. "फोटोत आहे ते आहे," एवढंच ते म्हणाले.

हे खूळ आलं कुठून, ते मला फार उशिरा कळलं. एका दिवाळीला ते चहा कपाऐवजी बशीशेजारी ओतू लागले, आणि ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, न बोलता कप किटलीखाली सरकवला. ती सवयीने सरकवत होती. दुसऱ्या दिवशी कुळगावच्या बाजारात ते सरळ एका हातगाडीवर आदळले. गाडीवाल्याशी भांडण्याऐवजी त्यांनी त्याची माफी मागितली, तेव्हा डोळेच जाताहेत, अशी माझी खात्री पटली. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. नजर कडांकडून आत मिटत जाते, शेवटी नळीतून बघितल्यासारखं जग उरतं आणि मग तेही जातं. डॉक्टरांकडे इलाज नव्हता. साडूंना हे तरुणपणापासून माहीत होतं. आपल्या पुढच्या मुक्कामाची डागडुजी ते इतकी वर्षं करत होते, आणि आम्ही हसत होतो.

त्यांची इच्छा एकच उरली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं, ते डोळ्यांनी बघायचं. पण नवऱ्या मुलाकडे आधी एक सुतक आलं, मग हॉल मिळेना, आणि लग्न लांबत गेलं. नजर काही थांबायला तयार नव्हती. लग्नाच्या दिवशी त्यांना उजेड आणि सावल्या यापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच.

त्यानंतर धंदा सुटला. दिवसभर फोन कानाशी धरून ते स्वतः बनवलेल्या साइटी ऐकत बसायचे. फोनमधली बाई अखंड बोलायची, आणि ताई म्हणायची की या वयात घरात सवत आली. एके दिवशी मी गेलो तेव्हा सोफेवाल्याची साइट चालू होती. शेटजींनी ती नव्या पोराकडून नव्याने करून घेतली होती. फोनमधली बाई म्हणत होती, इमेज. इमेज. इमेज. एकाही सोफ्यामागे वाक्य नव्हतं. चपलावाल्यांचं तेच, पत्रिकावाल्यांचं तेच. साडू म्हणाले, "सगळी लाल झाली असेल हो." मग त्यांनी फोन उलटा ठेवला. इतका खचलेला माणूस मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

लग्नाचे फोटो मुलीने घरगुती साइटीवर टाकले होते, पण वर्णनं नव्हती. ताई लिहायला बसली की रडायची, म्हणून काम माझ्यावर आलं. एका रविवारी दुपारी मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. ती एक ओळ त्यांनी मला तोंडी सांगून टाकायला लावली, आणि साऱ्या लग्नाला लाल चौकटी लागल्या. मी एकेक वाक्य लिहीत गेलो, बाई वाचत गेली, साडू चुका काढत गेले. ‘प्रसन्न’ काढायला लावलं. ‘देखणा जावई’चं तर जावई एवढंच ठेवलं. चौकटी एकेक करून पुसल्या गेल्या आणि शेवटी एक फोटो उरला.

त्यात मुलगी नवऱ्याबरोबर त्यांच्यासमोर वाकली होती. तिचे हात त्यांच्या पायांवर होते. साडूंनी आशीर्वादाला हात उचललेला, चेहरा हसरा, आणि नजर भलतीकडे, त्यांच्या डाव्या बाजूच्या कूलरकडे. मी फोटो मोठा करून बघितला. मग मी लिहिलं: ‘मुलगी आणि जावई पाया पडताहेत. वडील मुलीकडे बघताहेत.’

बाईने ते वाचलं.

"माझ्या डाव्या हाताला कूलर होता," साडू म्हणाले. "गार वारा येत होता. मी तिकडे वळलो होतो बहुतेक."

"फोटोत तुम्ही तिच्याकडेच बघताय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चाचपडत फोन उचलला आणि ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं. शेवटचे तीन शब्द आले तेव्हा त्यांनी मान किंचित खाली वळवली, तिथे कुणी वाकलेलं असावं तशी.

"चौकट गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"मग राहू द्या," साडू म्हणाले.