आलोच म्हणून गेलेला

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस मोठा बोलका होता. लिफ्ट मधेच अडकली की खटपट करता करता तो दाराबाहेरून आतल्या लोकांना गोष्टी सांगत राहायचा. एकदा एक आजोबा बाहेर आल्यावर कुरकुरले होते, की गोष्ट संपेपर्यंत तरी थांबायचं. घरात त्याची बायको लोकांचे कपडे शिवायची. मशीनच्या आवाजात त्याचं निम्मं बोलणं तिला ऐकू यायचं नाही. ती नुसतं हं हं करायची, आणि तेवढ्यावर त्याची गाडी सुसाट सुटायची.

एका सुट्टीच्या दुपारी चष्म्याची दांडी तुटली म्हणून तो बाहेर पडला. जाताना "आलोच" म्हणाला. सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं, ते आटून गेलं. चष्मेवाल्याने नंतर सांगितलं, की त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, आरशात पाहिलं आणि गेला. त्यापुढे त्याला कोणीच पाहिलं नाही.

चौकीतल्या हवालदाराने आधी भांडण झालं होतं का ते विचारलं, मग बाहेर कुणी होती का ते विचारलं. तिने दोन्हीला नाही म्हटलं. मग तिने आणि तिच्या मोठ्या दिरांनी दवाखाने पालथे घातले, स्टेशनं धुंडाळली. शवागारातली चादर बाजूला झाली की ती आधी पाय बघायची; चेहऱ्याकडे बघायचा धीर व्हायचा नाही. कुणी म्हणालं, बंदरावर दिसला. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालेल्यांच्या आश्रमात आहे. ती दोन्हीकडे जाऊन हात हलवत परत आली.

वर्षं गेली. सासूबाई थकत गेल्या. दाराशी पाऊल वाजलं की त्या मान उचलायच्या. जेवताना दोन घासांवर ताट सरकवायच्या. "तो कुठे उपाशी असेल," एवढंच म्हणायच्या.

मग शहराबाहेरच्या बंधाऱ्यात एक प्रेत सापडलं. उंची जुळत होती, चेहरा राहिला नव्हता. तपासणीसाठी दिरांचं रक्त घेतलं. निकाल यायला बरेच महिने लागले. तेवढे महिने तिच्या मनात एकच होतं, की तोच असू दे. असं वाटल्याबद्दल तिने स्वतःला शिव्याही घातल्या. निकाल आला: तो नव्हता.

चौकीच्या पायऱ्यांवर दीर म्हणाले, "आईला तूच सांग. माझ्याच्याने नाही होणार."

ती घरी आली. सासूबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं, "तोच होता, आई."

सासूबाईंनी तिला हाताला धरून जवळ बसवलं. "त्याला त्रास झाला का गं?"

"नाही. लगेच गेला म्हणाले डॉक्टर."

मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, लहान मुलासारख्या, आवाज काढून. ती त्यांची पाठ चोळत राहिली. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. दिरांना कळलं तेव्हा ते तिच्यावर रागावले नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आता नातेवाईक भेटायला यायचे. "सुटला बिचारा," म्हणायचे. ती मान हलवायची, चहा करायची. तिची समजूत घालायला, तोच होता म्हणून सांगायला, मात्र कुणी नव्हतं.

अजूनही चौकीतून अधूनमधून फोन येतो. ती हळू आवाजात बोलते. हातातला कपडा बाजूला ठेवते, सासूबाईंना सांगते, "बटणं संपलीत, आणते जाऊन," आणि शवागाराकडे जाणारी बस पकडते.