आत्यांच्या कपाटातला वेताळ

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नका. मी चौथीपर्यंत शिकले, तेही हिंदी शाळेत. मराठी लिहायला लागले ती आत्यांचं पाहून. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून वाचलंच तर समजून घ्या. आत्यांच्या हातात हे पान पडलं असतं तर त्यांनी ते वाचण्याआधी नाकाशी नेलं असतं.

ती त्यांची सवयच. पोथी कसलीही असो, उघडायच्या आधी हुंगायच्या. समोरचा माणूस घाबरून सांगत असायचा की हिच्यात वेताळ जागवायचा मंत्र आहे, वाचणाऱ्याची वाचा जाते. आत्या डोळे मिटून वास घेत म्हणायच्या, "भूत नंतर. आधी कागद."

मी दर्पण कॉलनीत त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची. दुसरा मजला, लिफ्ट नाही. जुन्या पोथ्यांच्या सरकारी कचेरीतून त्या निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, म्हणून साऱ्या कॉलनीच्या आत्या. भुतं उठवायच्या पोथ्यांची पारख करण्यात त्यांचा हात धरणारं ग्वाल्हेरात दुसरं कोणी नव्हतं.

एकदा किला गेटकडचा एक दुकानदार लाल फडक्यात पोथी बांधून आला. पणजोबांच्याही आधीची म्हणाला. आत्यांनी वास घेतला आणि मला हाक मारली. "अगं, तू बघ बरं." मी लाजत नाक लावलं. चहाचा वास येत होता. कागद जुना दिसावा म्हणून तो चहात बुडवलेला.

"आलं पण घातलंय," आत्या म्हणाल्या. "थंडीतला वेताळ दिसतो."

दुकानदारालाही हसू आलं. "बुआजी, हमने तो पूरे दाम दिए थे."

दुसऱ्या एका पोथीला कसर लागलेली. पण एका पानावरची भोकं खालच्या पानावरच्या भोकांशी जुळत नव्हती. "किडा पानं उलटून खात नाही, आरपार जातो," त्या म्हणाल्या. म्हणजे पानं निरनिराळ्या ठिकाणची, नंतर एकत्र शिवलेली.

मी एकदा धीर करून विचारलं, "मग ह्या पोथ्या आल्या कुठून? पहिली कोणीतरी लिहिली असेल ना?"

"तीच तर गंमत आहे. पहिली कोणाकडेच नसते. प्रत्येकीत लिहिलेलं असतं, मी नक्कल आहे, मूळ पोथी अमक्या ऋषीची, अमक्या स्मशानात सापडली. एकजण तापावरचा मंत्र लिहून ठेवतो. दुसरा त्यात राक्षसाचं नाव घालतो. तिसरा खाली शपथ घालतो, पाळली नाही तर वंश बुडेल. ज्याची त्याची भीती ज्याने त्याने घातलेली. आणि बाप कोणी व्हायला तयार नाही."

असं हसत बोलणाऱ्या आत्यांच्या स्वतःच्या कपाटात एक पोथी होती. ती त्यांनी कधी हुंगली नव्हती, उघडलीही नव्हती. त्यांचं घराणं दरबारात पूजा सांगणारं. पोथी घराण्याबरोबर दख्खनेतून आली, असं वडिलांनी सांगितलेलं. आई गेल्यावर वडिलांनी ती त्यांच्या हवाली केली आणि नियम सांगितला. पोथी जिच्याकडे, तिने रात्री दुसऱ्या छताखाली झोपायचं नाही. नाहीतर वेताळ मोकळा सुटतो. पोथी दुसऱ्या गोत्रात न्यायची नाही, म्हणून लग्नही राहिलं. धाकटी बहीण इंदूरला. तिच्या बाळंतपणाला आत्या सकाळच्या गाडीने गेल्या आणि मिळेल त्या गाडीने परतल्या.

"तुम्ही मानता हे?" मी विचारलं होतं.

"मानत नाही गं. पण झोपून पण पाहिलं नाही."

मग गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं. बाजार खिडकीतून, बँकेची कामं माझ्याकडून. कंपू भागातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि दवाखान्यात काही रात्री राहावं लागेल म्हणाले. आठवडा तसाच गेला. मग त्यांनीच दिल्लीच्या एका शौकिनाला फोन लावला. जुन्या पोथ्या जमवणारा माणूस. पोथी रीतसर विकली की नियमही तिच्याबरोबर जाईल, असं त्यांनी ठरवलं असावं. त्याने घसघशीत बयाणा दिला. तो तसाच्या तसा दवाखान्यात भरला.

एकच गोष्ट उरली होती. पोथी जुनी आणि अस्सल असल्याचा दाखला. तो आत्यांनीच लिहायचा होता.

दुपारी त्यांनी फडकं सोडलं. वास घेतला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून मला म्हणाल्या, "वाच." मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. शेवटच्या पानावर तो नियम होता. लेकीने दुसऱ्या छताखाली निजू नये. निजली तर समजावे की वेताळ येऊन राहिला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मला त्यात काही वावगं दिसेना. मी तसंच बोलते. भाजीवाला येऊन राहिला, पाऊस येऊन राहिला.

"अगं, दख्खनेत असं कोण बोलतं?" आत्या म्हणाल्या. "आ रहा है, म्हणून येऊन राहिला. हे इथलं आहे. आपलं." त्यांनी भिंग घेतलं आणि ते पान डोळ्यांपाशी धरलं. मग आधीची पानंही तशीच धरून पाहिली. "हे सगळं अक्षर बाबांचं आहे."

मी पोळ्या करायला आत गेले.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. पोथी नकली आहे, पैसे थोडे थोडे करून फेडीन, म्हणाल्या. तो समजूत घालायला लागला. "बुआजी, दो लाइन लिख दीजिए, बस. आपकी लिखी बात कौन काटेगा?"

"इसीलिए तो नहीं लिखूँगी," आत्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. पहिल्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या टक्क जाग्या.

"झोप लागली?"

"कुठली? दार वाजलं की वाटायचं, घरून मला न्यायला आले."

"कोण? वेताळ?"

"बाबा."

गुडघे सुधारले. जिना उतरायला लागल्या. मला वाटलं, आता इंदूरला जातील. बहीण रोज फोन करायची. पण पेन्शनचा मोठा भाग दर महिन्याला दिल्लीला जाऊ लागला, आणि आत्यांनी नवाच नियम केला. बयाणा फिटेपर्यंत घर सोडायचं नाही. मी चिडून बोलले, मी कधी बोलत नाही तरी बोलले. "पोथी खोटी निघाली, आणि तुम्ही आहात तिथेच."

"पोथी खोटी," त्या म्हणाल्या. "सवय तर खरी आहे ना."

शेवटचा हप्ता तो माणूस स्वतः न्यायला येणार होता, ग्वाल्हेरात काही काम होतं म्हणून. आदल्याच दिवशीचं तिकीट बहिणीने परस्पर काढून पाठवलं. आत्या दिवसभर तिकिटाकडे बघत बसल्या. मग त्यांनी पैसे पाकिटात घालून माझ्या हातात दिले, वर घराची किल्ली.

"आणि पोथी?" मी विचारलं.

"राहू दे कपाटात. एकटी झोपू दे एकदा."

रिक्षात बसताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की शेवटी रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. कपाट बंद होतं. त्या खोलीत मी गेले नाही. सगळं माहीत असून गेले नाही. दिल्लीवाला आला, खुर्चीवर बसला.

"बुआजी?"

"इंदौर गई हैं."

"रात तक लौट आएँगी?"

"नहीं. वहीं सोएँगी."

त्याने नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या आणि पाकीट खिशात घातलं.

"पूरे हैं," तो म्हणाला. "अब कुछ बाकी नहीं."