ऑपरेटरनं खात्री करून दिलेला नवरदेव

माझं ठरत आलेलं लग्न आमच्या आजोबांनी फोनवर मोडलं, तेही एक शब्द खोटं न बोलता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे मराठी, तिथल्या मेलकावेरी भागात राहणारे. मुलगी पुण्याची. तिचा फोटो पाहिला आणि मी कामातून गेलो. दुपारचा दहीभातसुद्धा तो फोटो समोर ठेवून खायचो, इतकी ती मला आवडली होती. तिचे वडील कुलकर्णी मात्र जगात कुणावरच विश्वास नसलेले गृहस्थ. पत्रिकेवर नाही, मध्यस्थी करणाऱ्या आमच्या मामांवर नाही आणि माझ्या फोटोवर तर मुळीच नाही. "फोटो काय, कुणाचाही पाठवता येतो. मी मुलाशी स्वतः बोलणार," असं त्यांनी मामांना ठणकावलं आणि रविवार सकाळचा 'पर्टिक्युलर पर्सन' कॉल नोंदवला.

परगावी ऑपरेटरमार्फत लावायच्या ट्रंक कॉलची ही एक शाही तऱ्हा होती. नाव दिलेला माणूस स्वतः आला तरच ऑपरेटर लाइन जोडणार, बाकी कुणाला नाही. कुलकर्ण्यांना एवढ्यानंही पुरेना. नाव, इनिशियल, वडलांचं नाव, सगळं विचारून मगच जोडा, अशी त्यांनी तंबी दिली होती. (जावई शोधत होते की फरारी आरोपी, देव जाणे.)

आता आमच्यातली पद्धत सांगायला हवी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. आजोबा राघवेंद्र, म्हणून मी राघवेंद्र. पणजोबा कृष्ण, म्हणून माझे अप्पा, म्हणजे वडील, कृष्ण. तिकडच्या रिवाजानं नावाआधी वडलांच्या नावाचं अक्षर. म्हणजे आजोबा के. राघवेंद्र राव, कृष्णरावांचे चिरंजीव, आणि मीही के. राघवेंद्र राव, कृष्णरावांचे चिरंजीव. घर एक, फोन एक. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आई मला जन्मापासून 'अंबी' म्हणते आणि तिच्यामागोमाग सगळी गल्लीही. घरात आमचं ते भारदस्त नाव आजोबांच्याच मालकीचं. असल्या घरात या कॉलचं काय होईल, हे पोरासोरालाही कळलं असतं. मी पदवीधर होतो, मला कळलं नाही.

रविवारी उजाडल्यापासून मी फोनशेजारी ठाण मांडून बसलो. मग वाटलं, दाढी करून यावी. दाढी फोनवर दिसत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी गेलो. असल्या माणसाला कुणी मुलगी द्यावी?

मी न्हाव्यापुढं मान वर करून बसलो असताना घरी फोन वाजला. अप्पा पापनाशमला गेलेले. आई सोवळ्यात स्वयंपाक करत होती, ती फोनला शिवणार कशी? मग ताता, म्हणजे आमचे आजोबा, उठले. त्यांना ऐकू जरा कमी. समोरच्याचा प्रश्न आधी मोठ्यानं म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची सवय. त्यामुळे आईला स्वयंपाकघरात सगळं रामायण ऐकू आलं.

"के. राघवेंद्र राव? मीच तो. वडलांचें नांव? कृष्णराव."

ऑपरेटरची खात्री पटली. का पटू नये? लाइन जोडली गेली आणि कुलकर्णी सुरू झाले.

"प्रकृती? बरी आहे. गुडघे तेवढे धरतात."

"नोकरी? होती. आतां पेन्शन."

"व्यसन? तपकीर. सोडणार नाहीं."

"आधीं लग्न झालें आहे काय? झालें की. बायको वारली. मुलें? सहा."

आवाजावरून वय कळायला हवं होतं म्हणाल, तर आमची मराठी तंजावरच्या राजांच्या काळात आली ती तशीच राहिली. आमचं बोबडं बोलणारं पोरही पुणेकरांच्या कानाला पेशव्यांचा कारकून वाटतं. इकडे आई दारातून हातवारे करत होती. पण सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांना अडवायचंही नाही, मग सांगणार काय? शेवटी तिनं पातेलं आपटलं.

"कांहीं नाहीं," ताता फोनवर म्हणाले, "सून आहे."

मी गुळगुळीत चेहऱ्यानं घरी आलो.

"ताता, कुणाचा फोन होता?"

"माझा. माझी फार आस्थेनें चौकशी केली. मग एकाएकीं रागावले. तरुणपणचा फोटो पाठवून फसवतां काय, म्हणाले. मीं कधीं फोटो पाठवला?"

दुसऱ्या दिवशी मीच पुण्याला कॉल लावला.

"मी के. राघवेंद्र राव बोलतो."

"ते काल बोलले," कुलकर्णी म्हणाले.

"ते माझे आजोबा."

"त्यांची ऑपरेटरनं खात्री केली होती. तुमची कुणी केली?"

मी सगळी वंशावळ सांगितली.

"तुमच्याकडे नावांचा दुष्काळ आहे का हो?" कुलकर्ण्यांनी विचारलं. "बरं. व्यसन?"

"छे, कसलंच नाही." (तोंडात पान होतं. ते मी कसंबसं गालात सारलं.)

"आधी कुठं बोलणी झाली होती?"

"तशी नाही... म्हणजे झाली होती, पण तशी नाही."

"स्वभाव?"

"एकदम शांत!" मी ओरडलो.

"कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठवड्यानं मामा निरोप घेऊन आले. आईनं दिलेली कॉफी त्यांनी सावकाश संपवली. मला धीर धरवेना.

"काय म्हणाले?"

"पहिल्या दिवशी बोलला तो माणूस त्यांच्या मनात भरला रे. विचारलं त्याचं सरळ उत्तर. फक्त वय आडवं आलं, म्हणाले."

"आणि मी?"

मामांनी रिकामा पेला आईकडे दिला.

"तुझं वय चांगलं आहे, म्हणाले."