मोंबासाला निघालेले भिका मास्तर

साखरशेतच्या शाळेत भिका मास्तरांना अकरा वर्षं झाली, पण तिसरीच्या पुढचा वर्ग काही त्यांच्या वाट्याला आला नाही. शाळा एका खोलीची. तिसरी झाली की मुलं नाचणीच्या शेतावर जात. मास्तर स्वतः जव्हारला सातवी पहिल्या नंबरानं पास झालेले. भूमिती, त्रैराशिक सगळं डोक्यात नुसतं पडून होतं. एकदा तरी वरच्या वर्गाला गणित शिकवावं, एवढीच हौस. आणि चाळिशी तर दाराशी आलेली.

१९१२ साली दसऱ्यानंतर बुधाचं पत्र आलं. बुधा त्यांचा बाळमित्र, आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत कारकून. त्यानं लिहिलं होतं, 'इथं सातवीपर्यंतची नवी शाळा निघाली आहे. कच्छी, गोवेकर, पंजाबी, अरब, आपले मराठी, सगळ्यांची पोरं एका बाकावर. गणिताला मास्तर हवा. निवड मुंबईत मांडवीला कानजीशेठ करतील, लवंगांचे व्यापारी आहेत. तुझं नाव त्यांना कळवलं आहे, कार्तिक वद्य पंचमीला सकाळी पेढीवर हजर राहा. अशी जागा पुन्हा निघायची नाही.'

"डहाणूचा समुद्र पाह्यला नाय अजून, आन् निघाले समुद्रापल्याड!" बायको, गोदा, हसत म्हणाली. पण कोट धुऊन घडी तिनंच घातली.

पंचमीला मास्तर वेळेआधी पेढीवर पोचले. दारात पायऱ्या होत्या, तिथं बसले. शिपायानं आतून नाव पुकारलं. "आहे!" म्हणून मास्तरांनी ओ दिली आणि बसूनच राहिले. डोंगरातल्या पाड्यांवर रीतच तशी. पाहुण्यानं ओट्यावर बसायचं, घरातून पाण्याचा तांब्या आला की मगच उंबरा ओलांडायचा. त्याआधी आत शिरला तो उर्मट. अकरा वर्षांत ही रीत मास्तरांच्या अंगात भिनली होती. दुसऱ्यांदा हाक आली, पुन्हा ओ दिली. पाणी काही आलं नाही. बाकीचे चार उमेदवार आत जाऊन, बोलून, बाहेर पडले.

तेवढ्यात शेठची सहा वर्षांची नात वरून खाली आली. ओंजळीत लवंगा. मास्तरांनी एक उचलून भुवया उंचावल्या. ती आपल्या कच्छीत म्हणाली, "हिकडो." दुसरी ठेवली. "बा." तिसरी. "त्रे." मास्तर तिच्यामागून म्हणू लागले. चुकले की ती कपाळावर हात मारी. पाचापर्यंत जमल्यावर मास्तरांनी तीन लवंगांत दोन सरकवल्या आणि तिच्याकडे पाहिलं. "पंज!" ती ओरडली. मग सातातून चार काढल्या. पोर बोटं मोजून मोजून विचार करू लागली.

कानजीशेठ जेवायला निघाले ते पायरीवर अडखळलेच. "कोण रे तुम्ही?"

"भिका मास्तर. जव्हार संस्थानातून आलोय."

"दोन वेळा बोलावला तुम्हाला! नाव काटून टाकलं मी."

मास्तर उठून उभे राहिले. "ओ दिली होती, शेठ. पण आतून पाणी आलं नव्हतं." आणि त्यांनी रीत सांगितली.

शेठ वैतागले. "पाण्यासाठी बसून राहाल तर बोट निघून जाईल, मास्तर! आता काय उपयोग?" ते नातीकडे वळले, कच्छीत काहीतरी विचारलं. तिनं मोठ्या रुबाबात उत्तर दिलं आणि शेठ पोट धरून हसले.

"काय म्हणते माहीत आहे? म्हणते, ह्याला काहीच येत नाही, मीच शिकवते."

"खरंच येत नव्हतं," मास्तर म्हणाले. "पाड्यावरच्या पोरांनाही माझी मराठी कळत नाही. पहिले पंधरा दिवस ती पोरंच माझे मास्तर. त्यांचे आकडे मला आले की मग माझं गणित सुरू."

नातीनं तेवढ्यात तीन लवंगा आजोबांच्या हातावर ठेवल्या. सातातून चार गेलेल्या.

शेठनी त्या मोजल्या, मग शिपायाला हाक मारली. "आधी पाणी आण मास्तरांना. मग तो नेमणुकीचा कागद आण. आणि ऐका मास्तर, माघातली बोट आहे, ती काही पाण्यासाठी थांबायची नाही!"

तिसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. गोदा दळण टाकून उठली.

"झालं?"

"झालं. पाचवी, सहावी, सातवी. तिन्ही वर्गांचं गणित."

"किती दिस पान्यावर?"

"पंधरा-वीस. बिऱ्हाडाला खोली मिळाली की तुला न्यायला येतो."

"मंग नाचणीचं पीठ जास्त दळाया पायजे," गोदा म्हणाली आणि पुन्हा जात्याशी बसली. मास्तरांनी कोट उतरवला, बाह्या सारल्या आणि समोर बसून खुंट्याला हात लावला.